रक्तात आम्ल वाढलं की 'सोडा' देऊन जीव वाचतो का?

आयसीयूतल्या रुग्णाच्या रक्तात आम्ल वाढलं की शिरेतून सोडियम बायकार्बोनेट द्यायचं, ही पद्धत अनेक दशकं जुनी आहे. पण तिचा उपयोग नेमका किती?

आम्ल का वाढतं?
रक्ताचा पीएच साधारण ७.३५ ते ७.४५ असतो. गंभीर संसर्गात रक्तदाब कोसळला की पेशींना ऑक्सिजन कमी पडतो आणि लॅक्टिक आम्ल साचतं. किडनी निकामी झाली तर आम्ल बाहेरही पडत नाही. यालाच मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस म्हणतात.

अभ्यास काय सांगतात?
२०१८ मध्ये फ्रान्समधल्या २६ आयसीयूंतला अभ्यास 'द लॅन्सेट'मध्ये आला. पीएच ७.२० किंवा त्याहून कमी असलेल्या ३८९ रुग्णांत एकूण ठोस फरक दिसला नाही. मात्र किडनीला इजा झालेल्यांमध्ये बायकार्बोनेट मिळालेल्यांचे मृत्यू कमी होते.

म्हणून फ्रान्समध्येच फक्त अशा रुग्णांवर दुसरा अभ्यास झाला. २०२५ मध्ये निकाल आला. ९० दिवसांत दोन्ही गटांत सुमारे ६२ टक्के रुग्ण दगावले. डायलिसिस मात्र बायकार्बोनेट न मिळालेल्या ५० टक्के रुग्णांना लागलं, मिळालेल्या ३५ टक्के रुग्णांना.

याचा अर्थ काय?
बायकार्बोनेट पीएच सुधारतं, मूळ आजार नाही. तरी डायलिसिस मशीन मोजकीच असतील तिथे हा फरक मोठा ठरतो. या औषधाने पोटॅशियम, कॅल्शियम घसरू शकतं, म्हणून सतत तपासण्या लागतात. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा रासायनिकदृष्ट्या तोच असला, तरी तो घरी पिणं हा यावरचा उपचार नाही.