बाजारगाडीवरचा दुसरा माणूस

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी करांविषयी, कापसाच्या भावाविषयी आणि संघाच्या कार्याविषयी मजकूर येतो, आणि तो यावयासच हवा. या खेपेस मात्र आम्ही व्यापारी बंधूंचे व त्यांच्या घरच्या मंडळींचे लक्ष एका लहान वाटणाऱ्या विषयाकडे वेधू इच्छितो. आठवडी बाजारास जाणाऱ्या गाडीवर आपण जो नवा माणूस घेतो, त्याच्या हाती पहिल्या दिवशी काय द्यावयाचे, हा तो विषय होय. यावर लेख कसला लिहावयाचा, असे ज्यांस वाटेल त्यांनी आपल्याच गाडीची मागील फळी उघडून एकवार आत पाहावे आणि मग पुढे वाचावे.

इंद्रवेल्लीसारख्या गावी आपल्यापैकी अनेकांचा व्यापार दुकानाच्या पायरीपाशी संपत नाही. सोमवारी गावचा बाजार. एरवी गाडी माल भरून कधी गुडीहत्नूरकडे, कधी उटनूरकडे, तर कधी त्याहीपुढे जैनूरपर्यंत जाते. पौषी अमावास्येस केसलापूरच्या नागोबाची जत्रा भरते, तेव्हा तर चार दिवस गाडी हेच दुकान आणि गाडी हेच घर होते. एका माणसाने हे सारे रेटण्याचे दिवस आता राहिले नाहीत. म्हणून आपण दुसरा माणूस घेतो. बहुधा तो याच मुलुखातला, अठरा-वीस वर्षांचा, दहावी-बारावीपर्यंत शिकलेला तरुण असतो. गाडी एकच, माल एकच, पाल एकच. त्यात आता दोघांनी वावरावयाचे असते.

या नव्या माणसास पहिल्या दिवशी काय मिळते? आमच्या पाहण्यात तरी एक जुना पंचा आणि “बघत राहा” हा उपदेश, याखेरीज फारसे काही मिळत नाही. मीटरपट्टी मालकाच्या हाती, कात्री मालकाच्या मांडीखाली, बिलबुक मालकाच्या खिशात, गल्ल्याची किल्ली मालकाच्या कमरेस. बसावयाची एकुलती एक घडीची खुर्चीही मालकाचीच. नव्याने गठ्ठे उतरावेत, बांबू रोवावेत, ताडपत्री ताणावी आणि गिऱ्हाईक आले की मालकाच्या तोंडाकडे पाहावे. कारण विचारल्यास आपण सांगतो की, अजून नवा आहे; हाताला वळण लागू द्या, मग देऊ. वळण हातात वस्तू आल्यावाचून लागावे कसे, याचा विचार आपण करीत नाही. पोहावयास शिकल्यावर पाण्यात सोडू, असे म्हणण्यासारखेच हे आहे.

आमच्या स्वतःच्या हातून घडलेली गोष्ट येथे सांगणे योग्य होईल. आमचा व्यापार कापडाचा. काही वर्षांपूर्वी आम्ही असाच एक तरुण गाडीवर घेतला. दुसरी मीटरपट्टी घेण्याचा विषय निघाला तेव्हा, एकीत भागते आहे, असे म्हणून आम्ही तो टाळला. पोळ्याच्या आधीचा बाजार होता आणि पालापुढे उभे राहावयास जागा नव्हती. पट्टी आमच्या हाती होती. पलीकडच्या टोकास एका गोंड बाईने चोळीच्या कापडासाठी घाई केली, तेव्हा त्या मुलाने गठ्ठ्याच्या काठास हात लावून वितीने माप घेतले आणि कापड फाडून दिले. पुढल्या बाजारास ती बाई ते कापड घेऊन परत आली. भांडली नाही. कापड पालाच्या सतरंजीवर पसरून एवढेच म्हणाली, “शेठ, तुमचं मीटर लहान झालं का?” शेजारच्या पालांतील माणसे ऐकत होती. आम्ही कापड बदलून दिले, वर वीतभर अधिक दिले, आणि संध्याकाळी त्या मुलास चार शब्द सुनावले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. घरी येताना गाडीत आमच्या ध्यानात आले की, सुनवावयाचे होते ते आम्हीच आम्हांस. त्याची वीत लहान होती यात त्याचा काय दोष? मापाच्या जागी वीत वापरावयास लावणारे आम्ही होतो.

त्यानंतर आम्ही जे शिकलो ते असे की, गाडी सामायिक असावी, हत्यारे सामायिक असू नयेत. दोघांच्या कामाची प्रत्येक वस्तू दोन हवी. कापडाच्या गाडीवर दुसऱ्या माणसाची स्वतःची, शिक्का मारलेली मीटरपट्टी हवी. स्वतःची धारदार कात्री हवी. स्वतःचे बिलबुक आणि पेन हवे. गाडीत मालासोबत ठेवावयाच्या चलनाची एक प्रत त्याच्यापाशीही असावी, म्हणजे वाटेत कोणी अडविले आणि मालक पुढे चहास गेलेला असला तर त्याची त्रेधा उडत नाही. पावसाळ्यासाठी छत्री नव्हे, तर हात मोकळे ठेवणारा रेनकोट हवा. विजेरी, पाण्याची बाटली आणि गठ्ठे उतरविताना बोटे ठेचणार नाहीत असे पायताण हवे. या साऱ्यास लागणारा पैसा दोन चांगल्या बाजारांत भरून निघतो. एवढ्या खर्चास आपण वर्षभर कां कू करतो आणि दरम्यान पालाच्या दुसऱ्या टोकाहून किती गिऱ्हाइके परत गेली, ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

पैशाच्या थैलीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण खरी गाठ तेथे आहे. नव्यास सुट्या पैशांची वेगळी थैली द्यावी, असे म्हटले की पुष्कळांच्या कपाळास आठी पडते. तथापि अनुभव उलट आहे. एकच गल्ला दोघांत असला आणि संध्याकाळी शंभर रुपये कमी भरले, म्हणजे संशय कोणावर जातो, हे सांगावयास नको. आणि तो न बोललेला संशय गाडीत दोघांच्या मध्ये बसून घरापर्यंत येतो. उलट, सकाळी दोघांनी मिळून मोजलेली रक्कम त्याच्या थैलीत घातली आणि रात्री दोघांनी मिळून ती बिलबुकाशी ताडून पाहिली, तर चूक असल्यास ती चूक म्हणून दिसते. आता पुष्कळसे पैसे मोबाईलवर येतात. त्यासाठी क्यूआरचा पत्रा पालाच्या दोन्ही टोकांस लावावा. केरामेरीच्या घाटाकडे गेले की नेटवर्क दगा देते, म्हणून सुटे पैसे मात्र लागतातच.

किराणा व धान्याच्या बंधूंचे काम याहून नाजूक आहे, कारण तेथे तराजू आहे. १९५६ च्या कायद्याने शेर जाऊन किलो आला आणि वजनमापांचा कारभार आज २००९ च्या कायद्याने चालतो. त्याप्रमाणे साधा तराजू व वजने यांची दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. दुसरा काटा म्हणजे दुसरा शिक्का आणि दुसरी खेप, म्हणून कंटाळा येतो. मग अडगळीतला जुना, शिक्क्याची मुदत संपलेला काटा नव्याच्या पुढे सरकविला जातो. याहून काहीच न दिलेले बरे. मालक तपासणीतून सुटतो आणि हिशेब द्यावयास उभा राहतो तो बिचारा तरुण. कमीअधिक माप ठेवणे हा आपल्या शास्त्रकारांनी अचौर्याणुव्रताचा अतिचार मानला आहे. तो ज्याच्या हाताने घडतो त्याचा की ज्याने तो काटा हाती दिला त्याचा, हे आपले आपणच ठरवावे.

याच संदर्भात दुसऱ्या दोन अतिचारांची आठवण होते. अहिंसाणुव्रताच्या विवेचनात जास्त ओझे लादणे आणि वेळेवर अन्नपाणी न देणे, हे दोन्ही दोष सांगितलेले आहेत. आपण ते बैलापुरते समजून बैलगाडीबरोबरच मोडीत काढले की काय, असे कधी कधी वाटते. आपल्यापैकी अनेकांचा सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असतो. बाजाराच्या दिवशी पाचाच्या सुमारास मालक डबा उघडून बसतो आणि नवा माणूस त्याच वेळी ताडपत्री उतरवून गठ्ठे बांधीत असतो. त्यास घास मिळतो तो रात्री नवाच्या पुढे, घरी पोहोचल्यावर. आपला नियम त्याने पाळावा असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या नियमाचा भार त्याच्या पोटावर पडू नये. घरच्या भगिनींस आमची विनंती आहे की, बाजाराच्या दिवशी डबे दोन भरावेत आणि दुसऱ्यात उरलेसुरले भरू नये.

गाडीत त्याची जागा कोणती, हाही प्रश्न आहे. गठ्ठ्यांच्या राशीवर माणूस बसवून घाट चढणे बेकायदा तर आहेच, शिवाय एका वळणावर सारे संपविणारे आहे. पुढील आसनावर त्याची जागा ठरलेली असावी. गाडीच्या विम्यात आपल्या पगारी माणसाची जोखीम नमूद केली आहे की नाही, हे हप्ता भरतेवेळी वाचून घ्यावे. पुष्कळांनी ते वाचलेले नसते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणास गाडी चालविण्याचा परवाना काढून द्यावा, असेही आम्ही सुचवितो. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीस हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे, त्यामुळे पूर्वीची अडचण राहिली नाही. अठराच्या आतील मुलगा मात्र या कामावर घेऊच नये. तो शाळेत शोभतो.

आता आमच्या मनातील मुख्य गोष्ट. या मुलुखात व्यापाऱ्याचे माप हा केवळ नफ्यातोट्याचा विषय कधीच नव्हता. २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारी, बाजाराच्याच दिवशी, इंद्रवेल्लीत जमलेल्या गोंड बांधवांवर पोलिसांचा गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृत्यूंचा होता. इतरांनी याहून पुष्कळ अधिक सांगितला. तेथील स्मारक येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या लोकांची मुख्य मागणी जमिनीच्या पट्ट्यांची होती. पण सावकारीविषयीचा आणि बाहेरून येऊन बसलेल्यांविषयीचा राग त्यामागे होता, हे नाकारून चालणार नाही. त्या दिवसाचा भार कोणा एका दुकानावर टाकण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, डोंगरातील वाडीवरून चालत बाजारास आलेल्या माणसाच्या मनात आपल्याविषयी आधीचाच एक हिशेब असतो. त्यात नवी नोंद पडते ती आपण सभेत केलेल्या भाषणाने नव्हे. गाडीवरचा दुसरा माणूस कोणते माप लावतो, यावरून पडते.

शिवाय तो नवा माणूस काही रिकाम्या हाताने आलेला नसतो. त्यास गोंडी येते, तेलुगू येते, आणि प्रधान व आंध लोकांच्या घरी बोलली जाणारी मराठीही येते. आपल्यापैकी पुष्कळांस तीन पिढ्या येथे काढून गोंडीची दहा वाक्ये बोलता येत नाहीत. १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ यांनी मारलवाई येथे गोंड तरुणांस शिक्षक म्हणून तयार केले, तेव्हा त्यांनी हेच ओळखले होते की, या लोकांत काम व्हावयाचे तर ते त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच माणसांच्या हातून झाले पाहिजे. आपला तरुण बाजारात भाषा, ओळखी आणि विश्वास घेऊन येतो. त्या बदल्यात एक मीटरपट्टी द्यावयाची झाली तर सौदा महाग म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप आम्हांस नेहमी ऐकू येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. सारे शिकविले, सारे दिले, की उद्या हाच समोर पाल टाकील. टाकील, असे काही वेळा घडते. आमच्याकडील एक तरुण असाच गेला आणि आज जैनूरच्या बाजारात स्वतःचा माल मांडतो. त्यात आमची काही गिऱ्हाइकेही गेली, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु आपल्यापैकी किती जणांचे आजोबा-पणजोबा या मुलुखात स्वतःची पेढी घेऊन उतरले? कोणी नातलगाच्या दुकानी गुमास्ता होते, कोणी वहीखाते सांभाळीत होते. त्यांच्या मालकांनी असाच विचार केला असता तर ही स्मरणिका छापावयास संघच उभा राहिला नसता. शिवाय ज्यास काही दिलेच नाही तोही जातो. तो मात्र वर्षाच्या आत जातो आणि आपण पुन्हा पंचा व उपदेश घेऊन नव्या माणसाच्या शोधात निघतो.

आमच्या गाडीत आता दोन लाकडी पेट्या आहेत. एक आमची, एक त्याची. त्याच्या पेटीस त्याचे कुलूप आहे. दुसरी किल्ली आमच्याकडे असावी असा आग्रह आम्ही प्रथम धरला होता, मग सोडला.

संघाच्या पुढील सर्वसाधारण सभेपुढे आम्ही एक सूचना मांडणार आहोत. ज्या सभासदांकडे बाजारगाडीवर दुसरा माणूस आहे, त्यांच्यासाठी मीटरपट्ट्या, काटे आणि रेनकोट संघाने एकत्र खरेदी करावेत, आणि नव्या-जुन्या सर्व मापांस शिक्का घेण्यासाठी वर्षातून एक दिवस ठरवून सर्वांनी मिळून जावे. त्या दिवशी माप पडताळणीस नेणारा माणूस मालक नसून ते रोज वापरणारा असावा, एवढी अट आम्ही घालू. ज्या बंधूंस या खरेदीत भाग घ्यावयाचा असेल त्यांनी आपल्या गाडीवरच्या माणसास पावसाळी कोट कोणत्या मापाचा लागेल ते विचारून चिटणीसांकडे लिहून द्यावे. अंदाजाने लिहू नये.