घराचा थकलेला हप्ता

संस्कृतांत ‘आधि’ शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक गहाण आणि दुसरा मनाची व्यथा. वर्गांत हा शब्द शिकवितांना आम्ही तो कोशांतील योगायोग समजत होतों. गेल्या महिन्यांत एक जुना विद्यार्थी भेटावयास आला आणि दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या ठायीं पाहावयास मिळाले.

घरासाठीं त्यानें 20 लाखांचें कर्ज काढलें होतें. नोकरी सुटली, दोन हप्ते थकले; परंतु वडिलांस वा पत्नीस त्यानें अवाक्षरहि कळविलें नव्हतें. बँकेचीं पत्रें कपाटांत लपवून तो रोज सकाळीं डबा घेऊन बाहेर पडे. हप्ता भरण्यासाठीं जबर व्याजानें दुसरें कर्ज काढावें काय, हें विचारण्यास तो आला होता.

आम्हीं त्याच्यापुढें कागद ठेवला. 20 वर्षांची मुदत आणि शेंकडा 9 व्याज धरल्यास हप्ता सुमारें 18,000 रुपये. पहिल्या महिन्यांत त्यांपैकीं 15,000 नुसत्या व्याजांत जातात. तें व्याज भरण्यासाठीं अधिक व्याजाचा पैसा आणणें म्हणजे तुपानें आग विझविणें होय. मुदत 30 वर्षें करून मिळाली, तर हप्ता सुमारें 1,900 रुपयांनीं उतरतो. परंतु एकंदर भरणा साडेचौदा लाखांहून अधिक वाढतो. म्हणून मुदतवाढ मागावी, पण दिवस पालटतांच जादा रक्कम भरून मुद्दल कमी करावें.

मुख्य गोष्ट वेळेची. थकबाकी 90 दिवसांपलीकडे गेली कीं कर्ज अनुत्पादक ठरतें. मग 2002 च्या कायद्यान्वयें 60 दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयांत दावा न लावतांहि, बँकेस घराचा ताबा घेण्याची कारवाई करतां येते. नोटिशीस लेखी हरकत घेतल्यास बँकेनें 15 दिवसांत उत्तर द्यावयाचें असतें. तरी तेथवर जाऊंच नये. नोकरी सुटल्याचा कागद व घरखर्चाचा हिशेब घेऊन आधींच बँकेंत जावें आणि सवलतीचा अर्ज देऊन पोंच घ्यावी. सवलत मिळेलच असें नाहीं. परंतु मौन पाळणाऱ्यास ती कोण देणार?

“आधीं वडिलांस सांग,” एवढेंच आम्हीं शेवटीं म्हणालों. एकत्र कुटुंबांत सुख वांटून घेतों, मग ऋणाची वार्ताच तेवढी एकट्यानें कां वाहावी ?

त्यानें त्या रात्रीं सांगितलें. वडील रागावले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्याच्याबरोबर बँकेंत गेले. अर्जाचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. डबा मात्र आतां फडताळांत आहे आणि तो दुपारीं घरींच सर्वांच्या पंक्तीस जेवतो.