फिडल, ट्रम्पेट आणि आपली हलगी

पुतण्याच्या लग्नात वरातीवरून आमच्या घरी चांगलीच खडाजंगी झाली. नवरदेवाच्या मित्रांनी हलगीच्या जोडीला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आणले. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "ही कसली भेसळ? एक तर हलगी लावा, नाहीतर बँड."

मला आठवला टेक्सासचा बॉब विल्स. धाकट्या दीरांकडे डॅलसला राहिले होते, तेव्हा त्याची गाणी रोज कानावर पडायची.

विल्सचा जन्म 1905 चा. वडील फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायचे. शेतमळ्यांवर रात्री लोक नाचायला जमत, तिथे हाही वाजवू लागला. कापसाच्या शेतात कृष्णवर्णीय मजुरांबरोबर राबताना त्यांचं ब्लूज त्याच्या कानात बसलं. 1931 मध्ये तो फोर्ट वर्थला एका पिठाच्या गिरणीसाठी रेडिओवर वाजवू लागला. वाद्यवृंदाचं नावच पिठावरून पडलेलं, 'लाइट क्रस्ट डोबॉइज'! गिरणीच्या व्यवस्थापकांना मात्र या मंडळींनी नाचाच्या कार्यक्रमांत वाजवलेलं नको होतं. त्यावरून गायक मिल्टन ब्राउन 1932 मध्ये बाहेर पडला. पुढच्या वर्षी विल्सनेही स्वतःचा 'प्लेबॉइज' काढला, तोच पुढे 'टेक्सास प्लेबॉइज' झाला.

टल्साला गेल्यावर त्याने फिडल आणि गिटारला ड्रम, ट्रम्पेट, सॅक्सोफोन जोडले. खेड्यातल्या नाचाच्या चाली आणि शहरातलं स्विंग जॅझ एकत्र आलं. यालाच पुढे 'वेस्टर्न स्विंग' म्हणू लागले. नाकं मुरडणारे तिथेही होतेच. 1944 मध्ये नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री'त तो गेला, तेव्हा त्या मंचावर ड्रम चालत नसे. विल्सने ड्रम वाजवलेच.

आता जाऊबाईंच्या प्रश्नाकडे येते. भेसळ कशाला म्हणायचं? तुपाच्या नावाखाली डालडा दिला तर ती भेसळ. वरणावर तुपाची फोडणी घातली तर वरण काही नाहीसं होत नाही, उलट चव येते. विल्सच्या गाण्यात फिडल लपत नाही आणि पाय नाचायचे थांबत नाहीत. आमच्या वरातीतही हलगीचा ठेका पुढेच होता, ट्रम्पेट त्याच्यामागून चालला होता. म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण एक गोष्ट मला खटकते, आणि ती वाद्यांबद्दलची नाही. विल्सने ज्यांच्याकडून ब्लूज घेतलं, त्या लोकांना त्या काळच्या वर्णभेदामुळे गोऱ्यांच्या नाचाच्या सभागृहात बरोबरीने जाता येत नव्हतं. सूर आत गेले, सूरवाले बाहेर राहिले.

हे वाचून आपण हळहळतो. पण मग आमच्याच मांडवात काय झालं? ट्रम्पेट वाजवणारी मुलं पाहुण्यांच्या पंगतीला बसली. हलगीवाल्यांना मात्र सगळ्यांचं उरकल्यावर मांडवामागे पानं वाढली. कुणी तसं सांगितलं नव्हतं, "नेहमीप्रमाणे" झालं. मीही वाढपात होते. मला दिसत होतं, आणि मी गप्प राहिले. जाऊबाईंशी वाद्यांवरून तासभर वाद घातला, पण यावर एक शब्द काढला नाही.

म्हणून मला वाटतं, संगीत एकत्र यावं की नाही हा वाद सोपा आहे. माणसं एका पंगतीला बसणार का, हा खरा प्रश्न आहे. तो स्वयंपाकघरातूनच सुटेल, कारण कुणाला कुठे वाढायचं हे शेवटी आपणच ठरवतो.

माघात धाकट्या पुतणीचं लग्न आहे. हलगी सांगितली आहे, ट्रम्पेटही येणार आहे. पहिल्या पंगतीत हलगीवाल्यांची पानं मी स्वतः मांडणार आहे. जाऊबाईंना कालच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग बुंदी जास्त करायला हवी."