कानाचं काम

शाळेत अनुप्रास एका मार्काला असायचा. व्याख्या पाठ, उदाहरण पाठ, आणि उदाहरण हमखास कवितेतलं. त्यामुळे ही कवींची चैन आहे, आपला तिच्याशी काही संबंध नाही, अशी आपली पक्की समजूत होऊन बसली.

आता आमच्या जिन्यात कानावर पडलेलं हे बोलणं ऐका. शेजारच्या काकू एका लग्नाहून आल्या होत्या. "अगदी धूमधडाक्यात झालं हो! मुलगी गोरीगोमटी, सासर गडगंज, सगेसोयरे झाडून आलेले. मुलगा जरा भोळाभाबडा आहे, पण आता दोघं गुण्यागोविंदाने नांदोत म्हणजे झालं." एका दमात सहा अनुप्रास! काकूंना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "इश्श, मी कुठे कविता केली?"

या जोड्यांना एक शिस्तही आहे, ती आपल्याला कुणी शिकवलेली नाही. आपण 'सगेसोयरे' म्हणतो, 'सोयरेसगे' कुणीच म्हणत नाही. केरकचरा, धूमधडाका, पालापाचोळा, खाचखळगे, दूधदुभतं, वाडवडील, कडीकोयंडा. बुटका शब्द पुढे आणि लांबडा मागे, शाळेच्या रांगेत पोरं उभी करावीत तसे. 'कचराकेर' म्हणून बघा, जिभेला ठेच लागते. अर्थात तसूभर फरक नाही, तरी ठेच लागते.

म्हणींमध्ये तर अनुप्रास चक्क वकिली करतो. 'पदरी पडलं, पवित्र झालं' हे वाक्य घ्या. त्याऐवजी कुणी म्हणालं, 'वाट्याला आलं ते चांगलंच म्हणायचं', तर आपण लगेच वाद घालू. का म्हणून चांगलं म्हणायचं? पण 'प'चे तीन ठोके पडले की खटला निकाली निघाल्यासारखं वाटतं आणि समोरचा गप्प बसतो. 'पाचामुखी परमेश्वर' हेही तसंच. पाच माणसं मिळून बिनचूक गाढवपणा करू शकतात हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय, पण म्हण कानाला इतकी पटते की डोक्याला विचारायचं राहून जातं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी दिलेली 'जय जवान, जय किसान' ही घोषणा म्हणून बघा. 'जय'ने 'जवान'चं डोकं धरलंय आणि 'किसान'ने त्याच 'जवान'चं शेपूट. सुटेल कशी?

आपले जुने काव्यशास्त्रकार या बाबतीत फार तल्लख कानाचे होते. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त श्रुत्यनुप्रास नावाचा एक प्रकार सांगितलाय. अक्षर तेच नसलं तरी चालेल, पण उच्चाराची जागा एक हवी. 'गर्वाचं घर खाली' घ्या: ग, घ, ख, तिन्ही गळ्यातून येणारे. 'काखेत कळसा, गावाला वळसा' म्हणताना निम्मी म्हण गळ्यातच होते. वहीत अक्षरं मोजणाऱ्याला हे दिसत नाही, कारण हे काम कानाचं आहे.

डोळा फसतो तो 'च'पाशी. 'चार' म्हणा आणि 'चारा' म्हणा. अक्षर एक, पण पहिला 'च' टाळूचा आणि दुसरा दातांचा. 'चहा चुलीवर चढवला' हे कागदावर झकास दिसतं, पण ऐकताना 'चहा' एकीकडे आणि 'चूल'-'चढवणं' दुसरीकडे. याउलट 'चोराच्या मनात चांदणं' बघा, दोन्हीकडे दातांचाच 'च'. म्हण करणाऱ्याला लिहिता येत होतं की नाही कोण जाणे, पण ऐकता येत होतं.

आणि 'ळ'? बिचाऱ्याला मराठीत शब्दाच्या दाराशी उभं राहायची मुभा नाही. म्हणून तो पोटात शिरतो आणि तिथे हवी तेवढी मजा करतो. खळखळ, सळसळ, तळमळ, हळहळ, वळवळ, चुळबुळ. पोटात जळजळ आणि मळमळ असते तीही 'ळ'चीच, डॉक्टर काहीही लिहून देवोत.

ज्यांना खेळायचं आहे त्यांच्यासाठी एक निरीक्षण. सगळे शब्द एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या गोष्टी फोनवर फिरत असतात आणि त्या बहुतेक 'क'च्याच असतात. याचं कारण साधं आहे. 'करणं' हे क्रियापद 'क'चं. कोण, काय, कधी, कुठे, कसं, किती, कशाला हे सगळे प्रश्न 'क'चे. काका-काकू घरचेच, कोकण-कोल्हापूर-कराड हाकेच्या अंतरावर, आणि जोडकामाला 'कारण' आणि 'की' हात जोडून उभे. शिवाय आपल्या विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या शेपटाला चिकटतात, त्यामुळे डोकं मोकळं राहतं. 'काकूंनी काकांना कोकणातून कोकमं कशाला कळवली?' या वाक्यात 'क'खेरीज कुणाला पाय ठेवायला जागा नाही. (कोकमं कळवतात का, हा प्रश्न वेगळा. अनुप्रासाच्या नादात अर्थ असाच हळूच जिन्याने उतरून जातो. आमच्या वर्तमानपत्री मथळ्यांतही 'पुण्यात पावसाने पळापळ' झाली की समजावं, पाऊस फार नव्हता, 'प' फार होते.)

खरी परीक्षा अवघड अक्षरांची. लहानपणी खेळलेला नाव-गाव-फळ-फूल हा खेळ म्हणजे अनुप्रासाचा आखाडाच. 'म' आला की मीना, मिरज, मोसंबी, मोगरा असे कागदावर भराभर उतरायचे. 'र'ला रत्नागिरी, रामफळ, रातराणी तयार. 'ठ'ला ठाण्यापुढे गाडी जात नसे. 'ढ' तर मुलं मुद्दाम काढत, समोरच्याची जिरवायला. गंमत अशी की गोष्ट रचायला बसलं तर हाच 'ढ' मोठा दिलदार निघतो, कारण त्याच्याकडे क्रियापदांचा ढीग आहे. ढोलवाल्यांनी ढीगभर ढोकळे ढापले, ढेकर ढकलले, ढगांकडे ढुंकले, ढेपाळले. गोष्ट संपलीसुद्धा.

पण नाव-गाव-फळ-फुलात तो अजून अडतोच. गावाला साताऱ्याकडची ढेबेवाडी मिळते. फळाच्या रकान्यात मात्र आमच्याकडच्या नव्या पिढीने परवा ढोबळी मिरची लिहिली. बी असतं, देठ असतो, फुलापासून होते, म्हणजे शास्त्राप्रमाणे फळच, असा दावा. आजींनी ते साफ अमान्य केलं, दहाऐवजी पाच गुणही द्यायला त्या तयार नाहीत, आणि मिरची अजून वादात आहे.