फळझाडाच्या रोपाला खत घालताना घाई नको

नर्सरीतून तुम्ही हौसेने पेरूचं किंवा लिंबाचं रोप आणलं. नवी पालवी फुटली, घरात सगळ्यांना आनंद झाला. मग लवकर फळ धरावं म्हणून कोणीतरी ताजं शेण आणून बुंध्याशी टाकलं. काही दिवसांतच पानांच्या कडा करपल्या आणि रोप मान टाकून बसलं. असं तुमच्याकडेही झालंय का? तर मग चूक शेणाची नाही, घाईची आहे.

ताजं शेण का नको?

ताजं शेण मातीत कुजू लागलं की उष्णता आणि अमोनिया तयार होतो. कोवळ्या मुळांना तो सोसत नाही. शिवाय हुमणी आणि वाळवीलाही आमंत्रण मिळतं. म्हणून शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा. ते काळपट, भुसभुशीत असतं, त्याला ओल्या मातीसारखा वास येतो आणि हात घातला तर गरम लागत नाही.

किराणा आणि स्वयंपाकी

शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड ही सेंद्रिय खतं म्हणजे घरातला किराणा. जैविक खत म्हणजे स्वयंपाकी, कारण त्यात जिवंत सूक्ष्मजीव असतात. अॅझोटोबॅक्टर हवेतलं नत्र झाडाला मिळवून देतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू मातीत अडकून पडलेला स्फुरद मोकळा करतात. मायकोरायझा ही बुरशी मुळांशी जोडली जाते आणि दूरचं पाणी व अन्नद्रव्यं पोहोचवते. मात्र किराणाच नसेल तर स्वयंपाकी काय करणार? म्हणून जैविक खत नेहमी कुजलेल्या खतात मिसळूनच द्या.

कसं द्याल?

• लावणीनंतर लगेच वरखत देऊ नका. रोपाने मूळ धरून नवी पानं काढली की सुरुवात करा.

• जमिनीतल्या एक वर्षाच्या झाडाला साधारण १० किलो कुजलेलं शेणखत पुरे. पुढे झाड वाढेल तसं प्रमाण वाढवा. कुंडीत २-३ मुठी गांडूळखत दर दोन महिन्यांनी द्या.

• खत बुंध्याला चिकटवू नका, खोड कुजू शकतं. अन्न शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात. तिथे गोल, उथळ चर काढून खत मातीत मिसळा.

• जैविक खत संध्याकाळी द्या, लगेच पाणी घाला आणि वर पालापाचोळा पसरा. कडक ऊन आणि कोरडी माती यात जिवाणू मरतात.

• विकत घेताना पाकिटावरची अंतिम तारीख पाहा. पाकीट सावलीत, थंड जागी ठेवा. प्रमाण पाकिटावर दिलंय तेवढंच घ्या.

• ट्रायकोडर्मा स्वतःच एक बुरशी आहे. त्यामुळे ती रासायनिक बुरशीनाशकासोबत देऊ नका. दोन्हींत किमान १५ दिवसांचं अंतर ठेवा.

आधी पाणी तपासा

पानं पिवळी दिसली की हात आधी खताच्या पिशवीकडे जातो. थोडं थांबा. बोटभर माती उकरून पाहा. ती चिखलासारखी ओली असेल तर मुळांना हवा मिळत नाहीये. कुंडीचं छिद्र मोकळं करा, पाणी कमी करा. गुदमरलेल्या मुळांना खत पचत नाही.

पहिली एक-दोन वर्षं मुळांची असतात, फळांची नाही. तेवढा धीर धरलात तर पुढे हेच झाड कितीतरी वर्षं तुमच्या घराला फळं देत राहील.