बिल्ल्यावरचं नाव वाचा

नागरिकहो,

आपलं माणूस सरकारी रुग्णालयात भरती असलं, की सकाळच्या ड्युटीला गणवेशातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरींचा घोळका वॉर्डात शिरताना तुम्ही पाहिला असेल. हल्ली त्यात दोन-चार मुलगेही असतात. जीएनएमची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं ही मुलं तुमच्याच माणसांच्या उशाशी बसून शिकतात. मी अशांना बरीच वर्षं शिकवलं. हे आवाहन लिहा असं त्यांनी मला सांगितलेलं नाही. ती सांगणारही नाहीत.

पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी एका आजोबांची कूस बदलून पाठ पुसत होती. त्यांचा मुलगा म्हणाला, "अहो, ही कामं मावशींना सांगा ना. शिकायला आलात की अंग पुसायला?" बिचाऱ्याला वाटलं, आपण तिची कड घेतोय. पोरगी त्या रात्री हॉस्टेलवर जेवली नाही.

मावशींच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण पाठ पुसताना त्या मुलीची नजर माकडहाडावर, टाचांवर असते. कातडी लाल झाली आहे का, बोटानं दाबल्यावर रंग बदलतो का, हे ती पाहत असते. कूस वेळेवर बदलली नाही, तर बेडसोअर होतो आणि तो कधीकधी हाडापर्यंत जातो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग त्यांच्यावर झालेल्या 1973 च्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत, जवळजवळ 42 वर्षं, अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण त्यांना बेडसोअर होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2011 च्या निकालात याची दखल घेतली. त्या सेवेची सुरुवातही अशीच, पाठ पुसायला शिकण्यापासून झाली होती.

सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री जागून केस स्टडी, याला मुलं सरावतात. पहिला मृत्यू मात्र अंगावर येतो. कालपर्यंत 'बाळ' म्हणणाऱ्या आजीचे डोळे मिटायचे, सलाईन काढायची, अंग पुसून चादर गुंडाळायची. बाहेरून "तुम्हीच मारलंत" असा आक्रोश ऐकू येतो आणि पुढच्या खाटेवरचा पेशंट चहा मागत असतो. अशा दिवशी त्या मुलीला "ए नर्स" म्हणून दरडावू नका. बिल्ल्यावर नाव असतं, त्या नावानं हाक मारा. सुई टोचायला शिकाऊ नको वाटत असेल, तर तसं सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. फक्त "तुमच्या सिस्टरही जवळ असू देत" असं म्हणा.

सीनियर सिस्टरांनो, चूक जरूर दाखवा, डोसात चूक चालतच नाही. पण पेशंटसमोर नको. आपल्यालाही असंच बोललं गेलं होतं, ही सबब आता पुरे. आईवडिलांनो, फोनवर "जेवलीस का" विचारता, तसं "आज वॉर्डात काय झालं" हेही विचारा. मन फारच खचलं असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक हॉस्टेलच्या फलकावर ठळक लावा.

आणि डिस्चार्जच्या दिवशी पेढे वाटताना एक पेढा त्या घोळक्यासाठीही ठेवा.

आपली,
एक निवृत्त नर्सिंग ट्यूटर