वाडा अखंड राहिला, लेकीचं काय?

इंग्लंडमधले जुने सरदारी वाडे पाहून येणाऱ्या माणसांची वर्णनं ठरलेली असतात. हिरवळ, हरणं, तैलचित्रं, चांदीचं फर्निचर. आणि शेवटी एक उसासा: ‘काय जपलंय हो त्यांनी! नाहीतर आपल्याकडे. भावाभावांत वाटण्या, भिंतीला भिंत, संपला वाडा.’ हा उसासा निरुपद्रवी नाही. एवढं सगळं ‘जपलं’ ते कुणाच्या जिवावर, हा प्रश्न त्यात गिळला जातो. तो प्रश्न एका खऱ्या वाड्याला विचारू या.

केंट परगण्यात सेव्हनओक्सला नोल नावाचा वाडा आहे. कँटरबरीचा आर्चबिशप बुर्शिए याने १४५६ मध्ये ही जागा विकत घेतली. पुढे आठव्या हेन्रीने ती आर्चबिशप क्रॅन्मरकडून काढून घेतली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती राणीचा खजिनदार टॉमस सॅकव्हिल याच्याकडे आली आणि त्याने वाड्याचा कायापालट केला. कोरीव लाकडी पडदी, नक्षीचं छत, रंगवलेला जिना आणि जिन्याच्या खांबांवर घराण्याचं चिन्ह म्हणून बसवलेले बिबटे. वर्षाच्या दिवसांइतक्या खोल्या, आठवड्यांइतके जिने, आठवड्याच्या दिवसांइतके चौक, असं लोक कौतुकाने सांगतात. चौकातून चौक, दिंडीतून दिंडी. जितकं आत जावं तितका धनी मोठा वाटावा, अशीच ती रचना.

या वाड्यात टॉमसच्या नातवाची बायको म्हणून आली ॲन क्लिफर्ड. जन्म १५९०. दोन्ही भाऊ लहानपणीच वारले, त्यामुळे ती बापाचं एकुलतं एक अपत्य उरली. बाप १६०५ मध्ये वारला आणि उत्तरेकडची सगळी जहागीर आपल्या भावाच्या नावे करून गेला. लेकीला रोख रक्कम. पण चौदाव्या शतकातल्या दस्ताप्रमाणे ती जहागीर पोटच्या वारसाकडे जायला हवी होती, मग तो मुलगा असो वा मुलगी. ॲन आणि तिची आई भांडायला उभ्या राहिल्या.

नवऱ्याला जमीन नको होती, रोकड हवी होती. उधळपट्टीने तो कर्जात होता. त्याने बायकोवर काय दडपण आणलं? १६१६ मध्ये तिची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी तिच्यापासून दूर नेली. हे हत्यार आपल्याला अनोळखी आहे का? कुठल्याही सल्ला केंद्रात तासभर बसा, दर आठवड्याला ऐकू येतं: ‘सही कर, नाहीतर मूल दिसणार नाही.’ पुढच्या वर्षी खुद्द राजा जेम्सने तिला समोर बोलावून तडजोड मान्य करायला सांगितलं. तिने नकार दिला. निवाडा तिच्या विरुद्ध लागला, जमीन काकाला आणि पैसे नवऱ्याला गेले. पण तिची सही कुणाला मिळाली नाही. १६४३ मध्ये काकाचा मुलगा निपुत्रिक वारला तेव्हा, वयाच्या ५३ व्या वर्षी, ती जहागीर तिच्याकडे आली. मग तिने पडके किल्ले दुरुस्त केले, ॲपलबीला विधवांसाठी घरं बांधली आणि १६७६ मध्ये मरेपर्यंत सगळा कारभार पाहिला. बाईच्या हातात इस्टेट गेली की ती बुडते म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तीनशे वर्षांनी त्याच वाड्यात तोच खेळ. लेखिका विटा सॅकव्हिल-वेस्ट १८९२ मध्ये नोलमध्ये जन्मली. तीही एकुलती एक. तिने वाड्याचा इतिहास लिहिला, ॲनची रोजनिशी १९२३ मध्ये छापली. १९२८ मध्ये बाप वारला आणि वाडा काकाकडे गेला. त्याच वर्षी व्हर्जिनिया वुल्फने तिच्यावरून ‘ऑरलँडो’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक मध्येच बाई होतो आणि मालमत्तेचा दावा कोर्टात जातो. मैत्रिणीने तिला वाडा कागदावर परत दिला. प्रत्यक्षात १९४६ मध्ये तो नॅशनल ट्रस्टकडे गेला.

आता त्या ‘तुकडे होतील’ या युक्तिवादाकडे वळू. ॲन एकटी होती, विटाही एकटी होती. वाटणी मागणारं दुसरं कुणी नव्हतंच, तुकडे कसले होणार? लेकीच्या हाती वाडा अखंडच राहिला असता. १८७६ पासूनच्या बॅरन सॅकव्हिल या किताबाचा प्रवास पाहा: भाऊ, पुतण्या, भाऊ, मुलगा, चुलतभाऊ, पुतण्या. सहा वेळा हस्तांतर झालं, त्यात बापाकडून मुलाकडे फक्त एकदा! सहाव्या बॅरनला पाच मुली होत्या. २००४ मध्ये किताब मिळाला पुतण्याला. २०१३ च्या कायद्याने इंग्लंडच्या गादीवर मुलीचा हक्क समान झाला, पण असे किताब त्यातून वगळलेले. म्हणजे प्रश्न वाडा जपण्याचा कधीच नव्हता. तो पुरुषाच्याच हातात ठेवण्याचा होता.

आणखी एक गोष्ट, आपली आपल्यालाच विचारायची. ॲन नोलमध्ये असताना वाड्यातली माणसं कुठल्या टेबलावर जेवायला बसत त्याची यादी केलेली आहे. शंभरावर माणसं. धन्याचं टेबल, कारकुनांचं टेबल, आणि एक धोबिणींचं. त्यात ग्रेस रॉबिन्सन हे नाव आहे, आणि पुढे तिच्या काळ्या वर्णाची नोंद. तिच्याबद्दल यादीत आणखी काही नाही. ॲनच्या चादरी धुणाऱ्या हातांची रोजनिशी कुणी छापली नाही. सरदाराच्या लेकीला वाडा मिळाला असता तरी ग्रेसचं टेबल बदललं नसतं. वारसाहक्काची लढाई लढताना ज्यांच्या बापाकडे वाटून घ्यायला काहीच नाही त्या बाईला विसरलो, तर आपणही त्या वाड्याच्याच पहारेकरी.

पण म्हणून लढाई सोडायची नाही. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात २३ वं कलम होतं: पुरुष वारस मागत नाहीत तोवर राहत्या घराची वाटणी मुलीने मागायची नाही. शब्द वेगळे, वाडा तोच! महाराष्ट्राने १९९४ मध्ये एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या दुरुस्तीने तो सगळ्यांना मिळाला आणि ते कलमही गेलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माचा आहे. त्यासाठी २००५ मध्ये बाप हयात असण्याची गरज नाही.

कायदा आला, तरी हक्कसोडपत्र उरलंच आहे. तहसिलीत भाऊ कागद पुढे करतो, ‘माहेर तुटेल’ म्हणतो, आणि बहीण सही करते. जे माहेर सहीवर टिकतं, ते आधीच तुटलेलं असतं. ॲनकडे कायदा नव्हता, राजा विरुद्ध होता, मूल ओढून नेलेलं होतं. तरी तिने सही केली नाही. आपल्याकडे निदान कायदा आहे. पुढच्या वेळी कागद पुढे आला, की पेन खाली ठेवा आणि आधी गटातल्या बाईला बोलवा.